वायुस्प्रिंग, मोटारगाडीची

वायुस्प्रिंग, मोटारगाडीची : वाहनाचा भार आसावर पेलण्यासाठी पोलादी स्प्रिंगेऐवजी किंवा तिच्या जोडीला वापरण्यात येणारी, लवचिक भिंतीची व दाबाखालील हवेने भरलेली पिशवी. हिला व्यवहारात एअर बॅग किंवा एअर सस्पेन्शन असे म्हणतात. अपघाताच्या वेळी चालकासमोर फुगणाऱ्या सुरक्षा पिशवीशी हिचा काहीही संबंध नाही. बस, मालमोटार व रेल्वेचे डबे यांत वायुस्प्रिंग हीच मुख्य स्प्रिंग असते. लहान मोटारगाड्यांत मात्र ती बहुधा मागील पोलादी स्प्रिंगेला हातभार लावणारी साहाय्यक पिशवी म्हणून बसविली जाते व तिचा मुख्य उपयोग गाडीमागे ट्रेलर, नाव किंवा कॅराव्हॅन जोडली असता खाली दबणारा मागचा भाग पुन्हा पूर्वीच्या उंचीवर आणणे हा असतो. या साहाय्यक पिशवीचा उगम, तिचा प्रसार आणि तिच्याविषयी रूढ झालेल्या एका महत्त्वाच्या गैरसमजाचे स्वरूप यांचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे.

पोलादी स्प्रिंगेत एक अंगभूत अडचण आहे. तिचा ताठरपणा कारखान्यातच ठरून जातो. ती मऊ ठेवली, तर रिकामी गाडी सुखद चालते, पण भार वाढला की दबते. ताठर ठेवली, तर भरलेली गाडी नीट चालते, पण रिकाम्या गाडीतील माणसांना हादरे बसतात. एकट्या चालकासाठी आणि कुटुंब, सामान व मागे ट्रेलर अशा पूर्ण भारासाठी एकच स्प्रिंग सारखीच योग्य असू शकत नाही. हवेचे तसे नाही. रॉबर्ट बॉइल यांनी १६६२ मध्ये मांडलेल्या नियमानुसार बंदिस्त हवेचे घनफळ कमी केले की तिचा दाब वाढतो; म्हणजे हवा दबत जाते तशी ती अधिक ताठर होत जाते. त्याचबरोबर पिशवीत अधिक हवा भरून तिची उंची कायम ठेवता येते. उंची कायम ठेवून दाब वाढविला, तर ताठरपणा जवळजवळ भाराच्या प्रमाणातच वाढतो आणि गाडी रिकामी असो वा भरलेली, तिच्या हेलकाव्यांची गती फारशी बदलत नाही. पोलादी स्प्रिंगेला हे साधत नाही.

प्रारंभीचे प्रयत्न : ऑबडाया एलियट यांनी १८०४ मध्ये इंग्लंडमध्ये लंबवर्तुळाकृती कमानपाट्यांचे पेटंट घेतल्यानंतर घोडागाडीच्या बांधणीत मोठा बदल झाला आणि पुढे शतकभर वाहनाची स्प्रिंग म्हणजे पोलादी पाटे हे समीकरण कायम राहिले. हवेचा उपयोग प्रथम सुचला तो चाकासाठी. स्कॉटिश अभियंते रॉबर्ट विल्यम टॉमसन यांनी १८४५ मध्ये हवा भरलेल्या धावेचे पेटंट घेतले. ते विस्मरणात गेले आणि १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी बेलफास्ट येथे स्वतंत्रपणे तीच कल्पना सिद्ध केली. टायर हीदेखील एका अर्थाने वायुस्प्रिंगच होय, हे लक्षात घेतले म्हणजे पुढची पायरी स्वाभाविक वाटते. चाकाभोवतीची हवा हादरे शोषत असेल, तर तीच हवा आस व सांगाडा यांच्यामध्ये का ठेवू नये, असा प्रश्न पडणे ओघानेच आले. अमेरिकेत विल्यम हंफ्रीज यांनी १९०१ मध्ये वाहनासाठी वायुस्प्रिंगेचे पेटंट मिळविले.

कल्पना सोपी होती. अडचण होती ती हवा कोंडून ठेवण्याची. धातूच्या नळकांड्यात सरकणारा दट्ट्या व त्याभोवती चामड्याची किंवा रबराची वेष्टने अशी रचना केली, तर वेष्टने झिजत व हवा गळे. फ्रान्समध्ये झॉर्झ मेसिए यांनी १९२० नंतरच्या काळात हवा व द्रव यांवर आधारलेली निलंबन यंत्रणा तयार केली आणि पोलादी स्प्रिंग अजिबात नसलेल्या मोटारगाड्या १९२५ ते १९३१ या काळात विकल्या. व्यापारी दृष्ट्या त्यांना फारसे यश आले नाही. पण त्यांचे ज्ञान वाया गेले नाही. मेसिए यांची कंपनी पुढे विमानांच्या चाकांच्या पायांसाठी नावाजली गेली. रस्त्यावर जे महाग व नाजूक ठरले, ते धावपट्टीवर उतरणाऱ्या विमानाला परवडणारे होते.

गळतीच्या प्रश्नाचे टिकाऊ उत्तर टायरच्या कारखान्यातूनच मिळाले. दोऱ्यांच्या विणीने बळकट केलेल्या रबराची, भात्यासारख्या घड्या असलेली पिशवी दोन्ही टोकांना धातूच्या चकत्यांनी बंद केली, म्हणजे त्यात घासणारा भागच राहत नाही. घड्या फक्त उलगडतात व मिटतात. अमेरिकेतील फायरस्टोन कंपनीने १९३० नंतरच्या दशकात अशा पिशव्यांवर काम केले. विल्यम स्टाउट यांच्या १९४६ च्या प्रायोगिक ‘स्कॅरब’ गाडीत वायुस्प्रिंगा बसविलेल्या होत्या. बसवरील चाचण्या १९४४ मध्ये सुरू झाल्या होत्या व १९५३ मध्ये जनरल मोटर्सने वायुस्प्रिंगांवरील प्रवासी बस नियमित उत्पादनात आणली. पुढील वर्षी ग्रेहाउंड कंपनीसाठी तयार झालेली ‘सीनिक्रूझर’ ही दुमजली घडणीची बस त्याच यंत्रणेवर चालत असे. बसमध्ये वायुस्प्रिंग तत्काळ रुजली यात नवल नाही. बसच्या रिकाम्या व भरलेल्या वजनात मोठा फरक असतो, गतिरोधकांसाठी दाबाखालील हवा गाडीत आधीच उपलब्ध असते आणि देखभालीसाठी स्वतःची कर्मशाळा असते. या तिन्ही गोष्टी खाजगी मोटारगाडीच्या बाबतीत नव्हत्या.

१९५० नंतरचे दशक : हा भेद दुर्लक्षून अमेरिकी कारखानदारांनी लगेच वायुस्प्रिंग मोटारगाडीत आणली. कॅडिलॅकची ‘एल्डोराडो ब्रूम’ ही १३,०७४ डॉलर किंमतीची गाडी १९५७ मध्ये चारही चाकांना वायुस्प्रिंगा घेऊन आली. १९५८ मध्ये शेव्हरोलेसारख्या सर्वसामान्यांच्या गाड्यांतही जादा मूल्य देऊन ही यंत्रणा घेता येऊ लागली. संपीडक, हवेची टाकी, उंची राखणाऱ्या झडपा व त्यांना जोडणाऱ्या नळ्या यांत कोठेही सूक्ष्म गळती झाली, की रात्री नीट उभी केलेली गाडी सकाळी जमिनीला टेकलेली आढळे. हवेतील ओलावा थंडीत गोठून झडपा अडकत. दोन-तीन वर्षांतच बहुतेक कारखान्यांनी ही सोय मागे घेतली आणि अनेक मालकांनी वायुस्प्रिंगा काढून त्या जागी साध्या पोलादी स्प्रिंगा बसवून घेतल्या. आज अशा गाड्या जपणाऱ्या संग्राहकांना मूळ यंत्रणेसह चालू स्थितीतील गाडी क्वचितच मिळते.

याच सुमारास गाडी समपातळीत ठेवण्याचे इतर मार्गही शोधले जात होते. फ्रान्समधील सिट्रोएन कंपनीने पॉल माझेस यांनी विकसित केलेली, द्रव व नायट्रोजन वायू यांवर चालणारी यंत्रणा प्रथम १९५४ मध्ये एका गाडीच्या मागील चाकांना व १९५५ मध्ये ‘डी. एस.’ या गाडीच्या चारही चाकांना लावली. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीच्या १९५५ च्या गाड्यांत लांब पिळदांड्या होत्या. भार वाढला, की काही सेकंदांनंतर एक विद्युत चलित्र त्या पिळून गाडी पुन्हा समपातळीत आणत असे. जर्मनीत १९६० मध्ये बोर्गवार्ड व त्यानंतर मर्सेडिझ-बेंझ यांनी वायुस्प्रिंगांवरील मोटारगाड्या बाजारात आणल्या. १९६५ मध्ये कॅडिलॅकने पूर्ण वायुनिलंबनाचा नाद सोडून मधला मार्ग स्वीकारला. भार पोलादी स्प्रिंगांवरच ठेवून मागील आघातशोषकांभोवती हवेची कोठडी बसविली व एंजिनाच्या निर्वातावर चालणाऱ्या छोट्या संपीडकाने ती आपोआप भरण्याची सोय केली. मुख्य भार पोलादाने वाहावा व हवेने फक्त फरक भरून काढावा, हे सूत्र येथे प्रथमच मोठ्या कारखानदाराने मान्य केले.

साहाय्यक पिशवी : कारखानदारांच्या आधी हे सूत्र सुट्या भागांच्या एका छोट्या उत्पादकाला सुचले होते. अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या लॅन्सिंग शहरी १९४९ मध्ये एअर लिफ्ट ही कंपनी निघाली. सर्पिल स्प्रिंगेच्या पोकळीत एक रबरी पिशवी सरकवावयाची, तिची बारीक नळी गाडीच्या मागे आणून टायरसारख्या झडपेला जोडावयाची व पेट्रोल पंपावर हवी तेवढी हवा भरावयाची, एवढीच तिची युक्ती. संपीडक, टाकी, उंचीच्या झडपा असे काहीही नाही. पिशवी फुटली, तरी गाडी मूळ पोलादी स्प्रिंगेवर उभी राहते. १९५८ च्या महागड्या यंत्रणा नाहीशा झाल्या आणि ही साधी पिशवी मात्र टिकली.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत कुटुंबाने कॅराव्हॅन घेऊन हिंडणे सर्वसामान्य झाले, त्या काळात हिला गिऱ्हाईक मिळाले. ट्रेलर ओढणारी गाडी तेव्हा लांबलचक स्टेशन वॅगन असे. तिला स्वतंत्र भक्कम चौकट, मोठे एंजिन व मऊ मागील स्प्रिंगा असत. १९७३ च्या तेलसंकटानंतर चित्र पालटले. इंधन बचतीविषयीचा अमेरिकी कायदा १९७५ मध्ये झाला, गाड्या लहान व हलक्या होऊ लागल्या आणि १९९६ मध्ये शेव्हरोले ‘कप्रीस’ वॅगनचे उत्पादन थांबले, तेव्हा चौकटीवरील मोठ्या वॅगनांचा काळ जवळजवळ संपला. त्यांची जागा घेतली ती टोयोटा ‘आर. ए. व्ही. ४’ (१९९४), होंडा ‘सी. आर. व्ही.’ (१९९५), सुबारू ‘फॉरेस्टर’ (१९९७) अशा लहान एस. यू. व्ही. गाड्यांनी. या दिसावयास जीपसारख्या उंच असल्या, तरी बांधणीने त्या मोटारगाड्याच आहेत. त्यांना स्वतंत्र चौकट नसते, त्यांचे पत्र्याचे कवच हाच त्यांचा सांगाडा असतो. मागील स्प्रिंगा प्रवाशांच्या सुखासाठी निवडलेल्या असतात. ट्रेलर ओढण्याची हौस मात्र जुन्या वॅगनबरोबर गेली नाही आणि साहाय्यक पिशवीला दुसरे आयुष्य मिळाले.

एकाच गाडीची ओढण्याची मर्यादा देशागणिक भिन्न असते, हे वाचकाला चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. ‘सी. आर. व्ही.’च्या काही पिढ्यांना अमेरिकेत १,५०० पौंड (६८० किग्रॅ.) एवढीच मर्यादा होती, तर यूरोपात स्वतःचे गतिरोधक असलेला १,५०० किग्रॅ. किंवा त्याहून जड ट्रेलर ओढण्यास परवानगी होती. फरक गाडीत नसून वापराच्या पद्धतीत आहे. अमेरिकी प्रघातानुसार ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भाग जोडगोळ्यावर टेकलेला असावा लागतो. यूरोपात तो सामान्यतः ४ ते ७ टक्के असतो, ट्रेलरला स्वतःचे गतिरोधक असतात आणि जर्मनीसारख्या देशात ट्रेलर जोडलेल्या गाडीस विशेष परवान्यावाचून ताशी ८० किमी.पेक्षा वेगाने जाता येत नाही. मर्यादा ठरविण्याची सर्वमान्य पद्धतीही अमेरिकेत दीर्घकाळ नव्हती; प्रत्येक निर्माता आपापल्या रीतीने आकडा जाहीर करी. मोटार अभियंत्यांच्या संस्थेने २००८ मध्ये ‘जे २८०७’ ही चाचणी पद्धती प्रसिद्ध केली व टोयोटाने २०११ च्या आपल्या ‘टुंड्रा’ गाडीपासून ती प्रथम स्वीकारली.

भाराचे गणित : जोडगोळ्यावरील भाराचे महत्त्व मराठी वाचकास परके वाटू नये. बैलगाडीत माल मागे अधिक झाला, तर गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला जोते आवळते. माल फार पुढे आला, तर जू मानेवर जड होते. गाडीवान म्हणून माल थोडा पुढे राहील असा भरतो. ट्रेलरचेही हेच आहे. जोडगोळ्यावर भार कमी पडला, तर ठरावीक वेगापलीकडे ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे डोलू लागतो आणि हे डोलणे वाढत गेले, तर ओढणारी गाडीही त्याबरोबर फेकली जाते. इंग्लंडमधील बाथ विद्यापीठात मोटारगाडी व ट्रेलर यांच्या स्थैर्यावर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ट्रेलरमधील वजनाची मांडणी व जोडगोळ्यावरील भार यांचा प्रभाव मोठा असल्याचे दिसून आले.

आता गाडीकडे पाहू. पुढील व मागील आसांतील अंतर २·६६ मी. व मागील आसापासून जोडगोळ्याचे अंतर १·१० मी. अशी एक लहान एस. यू. व्ही. घेतली आणि जोडगोळ्यावर १०० किग्रॅ. भार टाकला, तर तरफेच्या नियमाने पुढील आसावरील भार सुमारे ४१ किग्रॅ.ने कमी होतो व मागील आसावरील भार १०० नव्हे, तर १४१ किग्रॅ.ने वाढतो. प्रत्येक चाकापाशी स्प्रिंगेचा ताठरपणा प्रती मिमी. सुमारे २·५ किग्रॅ. मानल्यास मागचा भाग सु. २·८ सेंमी. दबतो, पुढचा सु. ०·८ सेंमी. वर येतो व जोडगोळा सु. ४ सेंमी. खाली जातो. दिसावयास हे अंतर थोडे आहे. परंतु गाडीचा कल त्यामुळे दर मीटरला सु. १·४ सेंमी. एवढा बदलतो. खाली वळविलेल्या दिव्यांचा झोत बहुधा दर मीटरला १ सेंमी. या उताराने लावलेला असतो. तो आता क्षितिजाच्या किंचित वर जाऊन समोरच्या चालकाचे डोळे दिपवितो. मागे प्रवासी व सामानही असले, तर स्प्रिंगेची हालचाल संपत येते आणि प्रत्येक खड्ड्यात ती रबरी ठोकळ्यावर आदळते.

या ठिकाणी साहाय्यक पिशवी खरोखर उपयोगी पडते. सु. १० सेंमी. व्यासाच्या पिशवीचे क्षेत्रफळ ७८ चौ. सेंमी.च्या आसपास असते. तीत प्रती चौ. सेंमी. १ किग्रॅ. दाब ठेवला, तर दोन पिशव्या मिळून सु. १५५ किग्रॅ. भार उचलतात, म्हणजे वरील उदाहरणातील वाढीव भार त्या जवळजवळ पुऱ्या तोलून धरतात. स्प्रिंग चाकाच्या अगदी जवळ नसून आतल्या बाजूस दांड्याच्या मध्यावर बसविलेली असेल, तर मात्र त्या प्रमाणात दाब वाढवावा लागतो. सर्पिल स्प्रिंगेतील पिशव्यांसाठी उत्पादक सामान्यतः ५ ते ३५ पौंड प्रती चौ. इंच (सु. ०·३५ ते २·५ किग्रॅ. प्रती चौ. सेंमी.) ही मर्यादा व दोन पिशव्यांना मिळून १,००० पौंड (४५४ किग्रॅ.) ही क्षमता सांगतात. गाडी रिकामी असतानाही किमान दाब ठेवणे आवश्यक असते. अन्यथा सैल पिशवी स्प्रिंगेच्या वेढ्यांत चिमटून फाटते.

मूळ गैरसमज याच्या पुढे सुरू होतो. पिशवीने गाडी समपातळीत आली, की भारही पूर्ववत वाटला गेला असे मानले जाते. ते खरे नाही. पुढील आसावरून उचलले गेलेले ४१ किग्रॅ. तेथे परत येत नाहीत व मागील आसावरील १४१ किग्रॅ. कमी होत नाहीत, कारण भाराची वाटणी आसांतील अंतर व जोडगोळ्याचे स्थान यांवर ठरते, स्प्रिंगेच्या उंचीवर नव्हे. तराजूच्या दांडीखाली उशी ठेवून ती आडवी केली, तरी पारड्यांतील वजने बदलत नाहीत. पुढच्या चाकांनी ओढल्या व वळविल्या जाणाऱ्या गाडीत याचे परिणाम चढावर व ओल्या रस्त्यावर जाणवतात. गाडी पूर्वीसारखी सरळ दिसत असल्यामुळे चालकाला त्याची सूचना मात्र मिळत नाही. दबलेला मागचा भाग निदान दिसत तरी असतो.

पुढील आसावर भार परत आणणारे साधन वेगळे आहे. भारवाटप जोडणी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व अमेरिकेत १९५० नंतरच्या काळात प्रसार पावलेल्या या रचनेत दोन लांब स्प्रिंगदांडे जोडणीपासून मागे जाऊन ट्रेलरच्या चौकटीला साखळ्यांनी ताणून बांधलेले असतात. चाकगाडीच्या मुठी वर उचलाव्यात, तसा हा ताण ओढणाऱ्या गाडीचा मागचा भाग उचलतो व भाराचा काही अंश पुढील आसावर आणि काही ट्रेलरच्या आसावर ढकलतो. ही जोडणी व पिशव्या दोन्ही वापरावयाच्या असतील, तर पिशव्यांत किमान दाब ठेवून आधी जोडणी ताणावी व मग उरलेली उंची हवेने भरावी, असा क्रम आहे. तो उलटा केला, तर गाडी आधीच उचललेली असल्याने दांडे पुरते ताणले जात नाहीत आणि जोडणीचे काम अर्धवट राहते. अर्थात अनेक लहान एस. यू. व्ही. गाड्यांच्या निर्मात्यांनी भारवाटप जोडणी वापरण्यास मनाई केली आहे, कारण तिच्या ताणाने कवचाच्या मागील भागावर वाकविणारा जोर येतो. अशा गाडीच्या मालकापुढे हलका ट्रेलर निवडणे हाच मार्ग उरतो. पिशवीने गाडीची जाहीर भारमर्यादा एका किलोग्रॅमनेही वाढत नाही. गतिरोधक, टायर, आस व धारवे तेच राहतात.

तरीही पिशवी निरुपयोगी म्हणणे चूक ठरेल. तिच्या अभावी कित्येक लोक गाडी दबू नये म्हणून ट्रेलरमधील सामान मागे सरकवितात व जोडगोळ्यावरील भार कमी करतात. गाडी सरळ होते, पण ट्रेलर डोलू लागतो. दबलेल्या गाडीपेक्षा ही स्थिती कितीतरी अधिक घातक होय. पिशवीमुळे योग्य तो भार जोडगोळ्यावर ठेवूनही दिवे, आघातशोषक व रबरी ठोकळे यांचे काम बिघडत नाही, हा तिचा खरा लाभ आहे.

बसविण्यातील काही बारकावे अनुभवाने पुढे आले. दोन्ही पिशव्या एकाच नळीने जोडल्या, तर वळणावर बाहेरच्या बाजूची पिशवी दबून तिच्यातील हवा आतल्या बाजूस जाते व गाडी अधिक कलते. म्हणून प्रत्येकीला स्वतंत्र नळी व झडप देणे चांगले. उलट दाब फार वाढविला, तर मागील बाजूचा ताठरपणा पुढच्यापेक्षा वाढतो आणि वळणावर गाडीची मागची बाजू बाहेर सरकण्याकडे कल होतो. काही गाड्यांत रबरी ठोकळा स्प्रिंगेच्या पोकळीतच असतो व पिशवीसाठी तो कापावा किंवा काढावा लागतो. अशा गाडीत पिशवी फुटल्यास मूळची सुरक्षा शिल्लक राहत नाही. निष्कास नळी जवळ असेल, तर उष्णतेने पिशवी खराब होते. स्प्रिंग व आघातशोषक एकत्र जोडलेले असतील, तर मधली जागाच व्यापलेली असल्याने अशी पिशवी बसविता येत नाही. जुन्या गाड्यांपैकी ज्यांत मागील गतिरोधकांचा जोर सांगाड्याच्या उंचीनुसार ठरविणारी झडप आहे, त्यांत आणखी एक धोका संभवतो. पिशवीने गाडी उचलली, की झडपेला गाडी रिकामी वाटते व ती मागील चाकांचा गतिरोधक दाब कमी करते, तोही नेमका भार जास्त असताना.

ऑस्ट्रेलियात २०१० नंतरच्या दशकात चर्चिला गेलेला प्रश्न मात्र लहान एस. यू. व्ही. गाड्यांचा नव्हता, जरी त्याची भीती त्यांच्या मालकांतही पसरली. तेथे दुहेरी केबिनच्या पिकअप गाड्यांमागे जड कॅराव्हॅन ओढताना चौकट वाकल्याचे प्रकार घडले व त्यांतील अनेक गाड्यांना पिशव्या बसविलेल्या होत्या. अशा गाडीत मागे कमानपाटे असतात व ते आपला भार चौकटीवर दोन दूरच्या बिंदूंवर, आसाच्या पुढे व मागे, टेकवितात. आस व चौकट यांमध्ये पिशवी घातली, की भाराचा मोठा भाग आसाच्या बरोबर वर एकाच जागी येतो. मागे लोंबणारा भार आणि पुढे प्रवाशांचे वजन यांच्यामध्ये चौकट त्या टेकूवर मोडू पाहते. सर्पिल स्प्रिंगेच्या पोकळीतील पिशवी स्प्रिंगेच्याच बैठकीवर टेकते, त्यामुळे भाराची जागा बदलत नाही. दोन्ही रचनांना एकच नाव असल्याने हा फरक पुष्कळदा ध्यानात घेतला जात नाही.

दरम्यान स्वयंचलित यंत्रणांनीही पुन्हा मूळ धरले. १९७० च्या ‘रेंज रोव्हर’च्या मागील आसावर जर्मनीतील बोगे कंपनीचा स्वतःच उंची राखणारा आघातशोषक होता, रस्त्यावरील हादऱ्यांनीच त्यातील पंप चालत असल्याने त्यास वेगळे चलित्र लागत नसे. १९८४ च्या लिंकन ‘मार्क ७’ मध्ये व १९९२ पासून ‘रेंज रोव्हर’मध्ये इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेल्या वायुस्प्रिंगा आल्या. १९५८ मध्ये ज्या गळती व ओलाव्याने घात केला, त्यांवर सुधारित रबर, हवा कोरडी करणारी कुपी व संवेदक यांनी बऱ्याच अंशी मात केली. तरी जुन्या झालेल्या गाडीच्या पिशव्या बदलण्याचा खर्च आजही मोठा असतो.

महाराष्ट्रात मोटारगाडीमागे कॅराव्हॅन जोडून प्रवास करण्याची प्रथा जवळजवळ नाही. राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे. येथील जनतेला वायुस्प्रिंगेचा परिचय झाला तो बसमधून. २००१ मध्ये भारतात आलेल्या व्हॉल्वो बसमुळे हे निलंबन लांब पल्ल्याच्या प्रवाशांना ठाऊक झाले आणि ‘व्हॉल्वो’ हा शब्दच आरामदायी बससाठी रूढ झाला. मुंबईच्या उपनगरी रेल्वेत २००७ पासून धावू लागलेल्या नव्या गाड्यांच्या डब्यांखालीही वायुस्प्रिंगा आहेत. गर्दीच्या वेळी डबा खच्चून भरला, तरी त्यांतील हवेचा दाब वाढून डब्याची जमीन फलाटाच्या मानाने फारशी खाली जात नाही.